कोऱ्या कागदावरून वाचलेलं

तुमचं मागणं दुसऱ्या कुणी लिहून घेतलं, तर अंगठा उमटवण्याआधी तुम्ही ते वाचून घेता का? आणि समजा घेतलंत, समोरच्यानं कागद डोळ्यांसमोर धरून, ओळीवर बोट फिरवत वाचून दाखवलं, तरी त्या कागदावर खरंच तेच लिहिलंय हे तुम्हाला कसं कळणार?

मी हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्यासोबत रस्त्यावर बसले त्यांना नाही. ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता ती नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नसाल तर बरंच आहे.

आमचं गाव जळगावहून धुळ्याकडे जाताना लागतं. नाव लिहीत नाही; गाव निर्दोष आहे. माझे वडील सूतगिरणीच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द. सोळाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, एकोणिसाव्या वर्षी 'चूल सोडा, चौकात या' हे लिहिलं, आणि ते धुळ्यापर्यंत गेलं. कुणीतरी ते भिंतीला चिकटवलेलं मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की माझ्या हातून कधी खोटं लिहिलं जाणार नाही. हात भाजल्याशिवाय कळत नाही, तसं झालं — पण हात माझा भाजला नाही, हेच तर सांगायचं आहे.

आमच्या वस्तीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. कागदोपत्री 'खुली जागा', बोलण्यात 'पटांगण'. एका बाजूला बाभळी, एका बाजूला पडकी पाण्याची टाकी, मधे सपाट, टणक, उघडी जमीन. ती जागा एका पुढाऱ्याला मंगल कार्यालयासाठी हवी होती. आम्ही लढलो. चार महिने लढलो. पत्रकं काढली, पालिकेसमोर बसलो, आणि जिंकलो. ठरलं की तिथे बाग होणार, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांसाठी. आणि ती कशी असावी हे वस्तीनं ठरवायचं. ही अट मीच घातली होती. 'बाग कुणाची? वापरणाऱ्याची!' — हीसुद्धा माझीच ओळ.

पालिकेचे एक तरुण अभियंता होते, दोंडाईच्याकडचे. हळू बोलायचे, मोठ्या वयाच्या माणसाला खुर्ची द्यायचे. ते म्हणाले, "ताई, तुम्ही घरोघर जाऊन फॉर्म भरून आणा. वय, नाव, काय हवं, सही. सभेत मी तेच ठेवीन. माझ्या मनाचं एक बाकडंही टाकणार नाही." एखाद्या सरकारी माणसानं एवढं बोलावं, आणि पाळावंही. मला तेव्हा ते जिंकल्यासारखं वाटलं.

मी फॉर्म घेऊन निघाले. थंडीचे दिवस होते. पोरांनी झोके सांगितले, घसरगुंडी सांगितली. एका पोरीनं 'रडायला जागा' असं लिहिलं आणि मी ते जपून ठेवलं. पुरुषांनी चालायला रस्ता सांगितला. कॉलेजच्या मुलींनी मुलांना न दिसेल असा कोपरा सांगितला. सगळं मी लिहीत गेले. जसंच्या तसं. हे मी छाती ठोकून सांगू शकते — त्या गल्लीच्या टोकापर्यंत.

टोकाला जिजाअक्काचं घर.

अक्का सत्तरीच्या पुढची. उंच, काटक, आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कोंबडी दचकेल. तिच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याची जुनी खूण होती, आडवी, पांढरी. ओट्यावर बसून ती लसूण सोलत होती, आणि तिच्या आजूबाजूला तिच्याच वयाच्या आणखी दहा जणी.

"काय व माय, आज काय वाटी राह्यनी? मत मांगाले उनी का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हटलं, मत नाही अक्का, बाग करायची आहे आपल्या पटांगणात. तुम्हाला काय हवं ते सांगा.

"बाग? पटांगनमा?" लसणाची पाकळी तिच्या हातातच राहिली. "मंग बिबडा कोठे टाकाना आम्ही?"

खानदेशाबाहेर कुणी वाचत असेल तर सांगते, बिबडा म्हणजे ज्वारीचा जाड पापड. ज्वारी भिजवायची, कांडायची, आंबवायची. तीळ, लसूण, मिरची घालून ते पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, दोन बायका लाकडी दांड्यानं घाटत राहतात इतकं ते जड असतं. मग ओल्या कापडावर ते गरम-गरम थापायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. हे एकटीचं काम नाही. मार्च उजाडला की पटांगणात तीन दगडांच्या चुली मांडल्या जायच्या, जुन्या धोतरांचे आणि साड्यांचे पट्टे टोकापासून टोकापर्यंत पसरायचे. आज हिचे, उद्या तिचे. म्हाताऱ्या थापायला, सुना घाटायला, पोरी कावळे-शेळ्या हाकायला, आणि पोरं वाटीत गरम पीठ अन् कच्चं तेल घेऊन मधे मधे. पुरुषसुद्धा पातेलं उचलायला यायचे, आणि शिव्या खाऊन जायचे.

तुमच्या ध्यानात येतंय ना? माझ्या नाही आलं.

अक्का म्हणाली, "लिखी ले. मधमा झाड नको, घास नको. ऊन जोयजे. एक नळ जोयजे. पोरेसले काय लावानं ते लावा, बठ्ठं त्या टाकीकडे लावा. हाई मधली जागा आमले राहू द्या."

बाकीच्या दहा जणींनी माना हलवल्या. "आमनंबी तेच लिख." कुणालाही लिहिता येत नव्हतं. मी शाईचा पॅड काढला, फॉर्मच्या तळाशी एकेकीचा अंगठा घेतला. कोऱ्या फॉर्मवर. घाई होती मला, लेखणीही अडत होती. म्हटलं, घरी जाऊन नीट अक्षरात लिहू. इथवर ठीक आहे. आळस आहे, गुन्हा नाही. असंच ना?

पण अक्का हुशार बाई. अंगठा पुसता पुसता म्हणाली, "काय लिखं ते वाची दखाड ना, माय."

मी काय करायला हवं होतं? म्हणायचं होतं — अक्का, अजून लिहिलं नाही. तीन शब्दांचं काम. पण मला संकोच वाटला. ज्या पोरीची पत्रकं धुळ्याच्या भिंतीवर, तिनं कोऱ्या कागदावर अंगठे घेतले, हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांपुढे कबूल करायला मला लाज वाटली. मी तो कोरा फॉर्म डोळ्यांसमोर धरला. आणि वाचला. "मधोमध झाड नको, गवत नको. ऊन हवे. एक नळ हवा. मधली जागा बायकांच्या वाळवणासाठी मोकळी ठेवावी." बोट फिरवत, योग्य जागी थांबत, खणखणीत आवाजात वाचला.

अक्कानं ऐकलं. मान डोलावली. "हां. बराबर लिखं. शिकेल पोर शे आमनी."

घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशा काढायला बसले. रंगीत पेन्सिली आणल्या होत्या. हिरवळ, फुलांचे ताटवे, पोरांचा कोपरा, चालायचा रस्ता, मुलींसाठी मेंदीचं कुंपण असलेली जागा, आणि ज्येष्ठांसाठी पाठ टेकता येईल असा कट्टा. त्या कट्ट्याची उंची मी आईला बसवून, टेप लावून ठरवली होती. सगळं सुंदर जमत होतं. आणि मधे — मधे एक राखाडी चौकोन. काहीच नसलेला. टक्कल पडल्यासारखा.

मी बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत बसले. आणि मग मला तत्त्व आठवलं. नीट ऐका — आठवलं, म्हणजे नंतर आठवलं. आधी नकाशा बिघडत होता. मग तत्त्व आलं, धावत आलं, जसं ते माझ्याकडे नेहमी येतं. बाईनं बागेतही चूलच मांडायची का? सत्तरीच्या बायकांनी एप्रिलच्या उन्हात पाठ मोडायची, आणि त्याला आपण 'सोय' म्हणायचं? त्यांना विसावा मागायला कुणी शिकवलंच नाही, म्हणून त्या विसावा मागत नाहीत. मग जे त्यांना मागता येत नाही, ते त्यांच्या वतीनं मागणं हेच तर आपलं काम!

किती छान वाटतं ना वाचायला? मलाही वाटलं.

मी अकरा फॉर्म भरले. सगळ्यांवर थोड्या वेगळ्या शब्दांत, शंका येऊ नये म्हणून. अक्काचा सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत काळजीनं. 'वय ७२. मागणी : हिरवळ, सावली, बसण्यासाठी पाठ असलेला कट्टा. आम्हा स्त्रियांनाही विश्रांती हवी. या जागेत वाळवणे घालण्यास व चुली मांडण्यास बंदी असावी.' खाली तिचा अंगठा. निळ्या शाईत मधून गेलेली ती पांढरी रेघ.

सभेत अकरा वृद्ध बायकांची मागणी वाचली गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. ठराव झाला. त्यात बंदीचं कलम आलं, 'महिलांच्याच मागणीवरून' असं लिहून आलं. मी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि कात्रण कापून ठेवलं. ते कात्रण आजही आहे.

पावसाळ्यानंतर काम झालं, फेब्रुवारीत बाग उघडली. मान्य करते, बाग देखणी झाली. जळगावहून लोक पाहायला आले. कुणी मला 'बागवाली ताई' म्हणू लागलं. हिरवळ तुडवली जाऊ नये म्हणून दुपारी फाटक बंद राहणार होतं, दहा ते चार.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, अक्का आणि तिच्या बायका पातेली, सरपण, कापडाच्या वळकट्या घेऊन फाटकाशी आल्या. बाग झाली तरी मधली जागा आपली आहे, असंच त्या धरून चालल्या होत्या. का धरू नये? त्यांना वाचून दाखवलं होतं. रखवालदारानं अडवलं. पाटी दाखवली. पाटी कुणाला वाचता येईना. मला बोलावणं आलं.

मी गेले. अक्कानं विचारलं, रागानं नाही, गोंधळून — "माय, तू तर लिखं व्हतं ना?"

आणि मी म्हणाले, "लिहिलं होतं अक्का. त्यांनी कापलं."

एवढंच. श्वासही अडखळला नाही. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं : 'बायकांचं ऊन कुणी चोरलं?' त्यात पालिकेला झोडपलं, आणि त्या अभियंत्यांना, नाव न घेता पण हुद्द्यासकट, 'कागद खाणारा बाबू' म्हटलं. माझ्या चांगल्या पत्रकांपैकी ते एक आहे. मला लाज वाटते की मी आजही असं म्हणू शकते.

आम्ही निवेदन घेऊन पालिकेत गेलो. पंधरा-वीस बायका. अक्का पुढे. अभियंत्यांनी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"तुनी माय बिबडा करस का नही रे, भाऊ?"

"करते ना अक्का. यंदा गुडघे दुखतात, तरी केले."

"मंग ती कोठे टाकस? तुना डोकावर?"

बायका हसल्या. तेही हसले. म्हणाले, "फॉर्म बघतो ना, सगळे जपून ठेवलेत," आणि फाईल काढली. पानं उलटत गेले. मी मागे उभी होते. अक्काचा फॉर्म आला तेव्हा ते थांबले. वाचला. दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग त्यांनी टेबलावरचं आमचं निवेदन उचललं. ते हातानं लिहिलेलं होतं. माझी एक सवय आहे. मी अक्षरांवरची रेघ शब्दागणिक तोडत नाही, आख्ख्या ओळीवर एका दमात ओढते. वडिलांना आवडायचं ते. निवेदनावर तीच रेघ. फॉर्मवर तीच रेघ.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर दिली नाही.

त्यांनी फाईल मिटली. अक्काला म्हणाले, "आमच्याकडून राहून गेलं, अक्का. चूक झाली."

"चूक झाली म्हने!" कुणीतरी ओरडलं. एकीनं बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. ते खाली मान घालून बसून राहिले. त्यांनी असं का केलं? मला वाचवायला? की त्या बायकांचा माझ्यावरचा विश्वास मोडू नये म्हणून? मी कधी विचारलं नाही. विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

बायका जिना उतरत होत्या तेव्हा त्यांनी मला मागे थांबवलं. आवाज चढवला नाही. "ताई, बंदी त्या अकरा फॉर्मांवर उभी आहे. 'फॉर्म चुकीचे भरले गेले' असं तुम्ही चार ओळींत लेखी दिलंत, तर पुढच्या सभेत मी कलम काढून घेतो. हंगाम संपायच्या आत. कुणी भरले, ते कुणी विचारणार नाही, बघतो मी."

चार ओळी. मला पत्रकाला तास लागत नाही. त्या चार ओळी मी लिहायला बसले, आणि उठले. पुन्हा बसले. ते विचारणार नाहीत, पण दुसरं कुणी विचारलं तर? आणि माझं पत्रक आधीच गल्लोगल्ली गेलेलं. लोक म्हणतील, हीच ती! पुढच्या सगळ्या लढायांत माझं तोंड बंद करायला त्यांना एवढं पुरेल. चळवळीचं नुकसान होईल. बघा, तत्त्व पुन्हा धावत आलं. सभा झाली. मी काही दिलं नाही.

अक्का थांबणारी बाई नव्हती. पटांगण नाही तर धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, असं तिनं ठरवलं. तिच्या मुलाच्या घराला जिना नव्हता. भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी होती. तिची सून, सुनंदा वहिनी, खाली अंगणात पीठ घाटायची आणि डब्यात भरून वर द्यायची. अक्का वर एकटी थापायची. जे काम वीस जणींचं होतं, ते दोघींवर आलं. रोज सकाळी तिच्या जोडव्यांचा शिडीवर आवाज यायचा. टण, टण. आमच्या घरापर्यंत.

पाचव्या का सहाव्या दिवशी तो आवाज मधेच तुटला.

उतरताना ओला पट्टा तिच्या पायात आला होता. खुबा मोडला. धुळ्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. दोन उन्हाळे ती खाटेवर होती. खाट खिडकीशी. खिडकीतून बाग दिसते. माझी हिरवळ, आणि तो पाठ असलेला कट्टा. सत्तरीच्या बायकांनी विसावा घ्यावा अशी माझी इच्छा होती ना? घेतला तिनं.

मी भेटायला गेले. जायलाच हवं होतं, सगळी गल्ली जात होती. कबूल करायचं ठरवून गेले होते, देवाशपथ — पण जिनं एवढं केलं तिच्या शपथेला काय अर्थ? शेजारणी बसल्या होत्या. अक्कानं माझा हात धरला, आणि त्यांना म्हणाली, "हाई आमनी पोर शे. हिनीच आमनं लिखं व्हतं. माले वाची दखाडं व्हतं, माले याद शे. त्या मेल्यासनी कापं."

तिचा अंगठा माझ्या मनगटावर होता. ती भाजल्याची रेघ मला कातडीवर कळत होती.

तेव्हा बोलायचं होतं. खोली भरलेली होती हे कारण नाही. ती आजारी होती, तिला धक्का बसला असता, हेही कारण नाही. मला तिच्या तोंडून ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. 'हाई आमनी पोर शे.' हेच खरं आहे.

ती या दिवाळीनंतर गेली.

मार्च लागला आणि सुनंदा वहिनी आमच्या दारात आल्या. हातात स्टीलचा डबा. म्हणाल्या, "आई सांगी गयी व्हती. त्या पोरीले दरसाल बिबडा देजो. थोडाच शेतस. एकटीवर होत नही आते." डबा माझ्या हातात देऊन त्या गेल्या. तो फळीवर आहे. मी झाकण उघडलेलं नाही. उघडावं लागत नाही; आंबलेल्या ज्वारीचा आणि लसणाचा वास झाकणातून येतो. कुणी खाली लोखंडी काही आपटलं की मी ताटावरून उठते.

आणि आणखी एक झालं आहे. मला आता मोठ्यानं वाचता येत नाही. सभेत निवेदन वाचायला उभी राहिले की हातातला कागद कोरा दिसायला लागतो. अक्षरं असतात, मीच लिहिलेली असतात, पण पहिली ओळ उच्चारली की मला वाटतं, हे इथे लिहिलेलंच नाही. मी बोलते आहे, आणि समोरचे मान डोलावताहेत. लोकांना वाटतं, पोरगी थकली. मी कागद दुसऱ्याच्या हातात देते आणि खाली बसते.

दुपारी मी फाटकाबाहेर उभी राहते कधी कधी. आत कुणी नसतं. कुलूप असतं. मधोमध, जिथे तो राखाडी चौकोन होता, तिथे फवारा फिरत असतो. सगळ्या वयांची बाग! ती आधीपासून तिथे होती. पोरं होती, सुना होत्या, म्हाताऱ्या होत्या, शिव्या खाणारे पुरुषही होते, सगळे एकाच उन्हात. मी ती पुसली, आणि तिच्या जागी तिचं चित्र काढलं.

त्या अभियंत्यांची बदली झाली. कुठे, ते मी शोधलेलं नाही. 'कागद खाणारा बाबू' अजून एका भिंतीवर वाचता येतं. ते मी उद्या माझ्या हातानं खरवडणार आहे. त्यानं काही फिटत नाही.

त्या चार ओळी या कागदाच्या पाठीमागे छापल्या आहेत : फॉर्म मी भरले. अकराही. बायकांनी जे सांगितलं त्याच्या उलट भरले. कुणाच्या सांगण्यावरून नाही. खाली सही केली आहे, आणि त्याची एक प्रत पालिकेत जाईल. हा कागद धुळ्याला छापून घेतला आहे, आणि उद्या सकाळी गल्लीच्या टोकापासून वाटायला सुरुवात करणार आहे. पहिलं घर सुनंदा वहिनींचं.

मला माफ करा, असं मी कुणालाही म्हणणार नाही. ज्यांच्याकडे ते मागता आलं असतं त्यांच्याकडे वेळ असताना मागितलं नाही.

पण या कागदाचं एक काम तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात, गल्लीत, शेतात जिला वाचता येत नाही अशी एक बाई शोधा, आणि तिला हा मोठ्यानं वाचून दाखवा. सगळा. मधलं काही गाळू नका, माझ्यासाठी एखादं वाक्य मऊ करू नका. आणि वाचून झालं की उठू नका. हाच कागद तिच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, आणि त्याच्याकडून पुन्हा वाचून घ्या — म्हणजे तिला कळेल, तुम्ही लिहिलेलंच वाचलंत.